चार वाजताचं ऊन

अम्मानच्या दाबूक भागातल्या त्या प्लॉटवर अजून नुसता सांगाडा उभा होता. खांब, स्लॅब आणि खांबांमधून सूं सूं वाहणारा वारा. पण मालकीणबाईंनी चष्मा चढवला आणि त्यांच्या तोंडाचा आ झाला तो मिटेचना.

"या अल्ला! हे माझं घर?"

"तुमचंच," तहानी म्हणाली. "डावीकडे वळलात की जिना दिसेल. पण पाय टाकू नका हं, जिना दिसतोय तेवढाच. बांधायचाय अजून."

मालकीणबाई हसल्या आणि चाचपडत दोन पावलं मागे आल्या. चष्म्यातून त्यांना ओबडधोबड काँक्रीटवर दगड चढलेला दिसत होता, खिडक्यांच्या कमानी, गच्चीचा कठडा, सगळं अगदी खऱ्या मापात, जागच्या जागी. बोट हवेत फिरवलं की भिंतीचा दगड बदलायचा. पसंत पडला की त्याच बोटाने दाबायचं, मागणी थेट कारखान्यात. अम्मानमध्ये दगडाशिवाय घर म्हणजे अंगरख्याशिवाय नवरदेव. पूर्वी एका घराचा दगड ठरवायचा म्हणजे चार शुक्रवार कारखान्यांच्या धुळीत घालवावे लागत. आता 'वाजिहा' कंपनीचा चष्मा होता. शहरातल्या झाडून सगळ्या इंजिनीअरांची रेखाटनं त्याच्यातच तयार होत, त्यामुळे दगडाची खरेदीही त्याच्यातूनच होई. चष्म्यात जो नाही, तो बाजारात नाही.

मालकीणबाई बोट फिरवत होत्या. "हा छान आहे. हाही बरा. अगंबाई, हा बघ! हा तर मधात बुडवून काढल्यासारखा!"

"तो कंपनीचा स्वतःचा. वाजिहा-खास."

"आणि हा कोणाचा? ई! हा नको बाई. आजारी दिसतो."

तहानीला बघायची गरज नव्हती. हातातल्या डिजिटल पाटीवर नाव उमटलेलंच होतं: अबू तहानी, दगड कटाई, अबू अलंदा. अबू तहानी, म्हणजे 'तहानीचा बाप': तिचेच वडील. भाऊ नाही म्हणून सगळी दुनिया त्यांना लेकीच्या नावाने हाक मारायची, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"तोसुद्धा मआनच्या खाणीतलाच दगड आहे," ती म्हणाली. "प्रत्यक्षात चांगला दिसतो."

"प्रत्यक्षात म्हणजे? हे प्रत्यक्ष नाही का?"

तहानीने पाटी खाली धरली आणि दुसऱ्या हाताने फोन उघडला. फोनवर कंपनीच्या पाळणाघराचा कॅमेरा होता. तिची लेक जूद पालथी झोपली होती. तिने डोळे बारीक करून बघितलं. पाठ हलतेय. एक, दोन, तीन. हलतेय. जूद दोन महिने आधी जन्मली होती, तिची फुप्फुसं जन्मापासून नाजूक. तेव्हापासून दर तासाला तिची पाठ हलताना बघितल्याखेरीज तहानीला चैन पडत नसे. दोन वर्षं होत आली होती, पण खोड काही जात नव्हती.

मालकीणबाईंनी मधात बुडवलेला दगड दाबला. मागणी गेली.

*

मध कुठून आला ते तहानीला ठाऊक होतं, कारण तो तिनेच ओतला होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती, पाय सुजलेले, खुर्चीखाली स्टूल घेऊन बसायची. दगडांचं दालन तिच्याकडे होतं. कारखान्या-कारखान्यांत जाऊन लाद्या स्कॅन करायच्या आणि त्या चष्म्यात नीट बसवायच्या, हे तिचं काम. एका सकाळी झैदून, तिचा साहेब, दारात तीळ लावलेला काक पाव खात उभा राहिला आणि सहज म्हणाला, "तहानी, आपल्या दगडाला चारचं ऊन दे."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीचे आहेत तिथेच असू देत."

बाकीचे बारा वाजता होते. कोणी ठरवून ठेवले नव्हते, यंत्राची मूळची वेळच ती होती. तहानीने एक ओळ बदलली. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलंही नाही, दुकानदार आपला माल पुढच्या फळीवर मांडतो तसंच ते वाटलं. पण अम्मानमध्ये जन्म काढलेल्या माणसाला दुपारचे बारा आणि दुपारचे चार यातला फरक सांगावा लागत नाही. बाराला या शहराचा दगड खडूसारखा पांढराफटक असतो, डोळ्यांत खुपतो. चारला त्याच भिंती आतून कोणी दिवा लावल्यासारख्या उजळतात. वाजिहा-खासच्या घरांवर कायमचे चार वाजलेले होते. उरलेल्या सत्तेचाळीस कारखान्यांवर कायमचे बारा.

आणि दोन वर्षांत सत्तेचाळीसचे एकतीस झाले होते.

*

शुक्रवारी ती वडिलांना जेवायला न्यायला त्यांच्या अबू अलंदा वस्तीतल्या कारखान्यात गेली. जूदला आईकडेच ठेवलं होतं, कारखान्याच्या धुळीच्या आसपाससुद्धा तिला आणायचं नाही असा तहानीचा नियम होता. फाटकातून आत शिरताना ती स्वतःही तोंडावर ओढणी धरायची.

करवत बंद होती. पूर्वी शुक्रवारीसुद्धा नमाजापर्यंत चालायची. शेडखाली पाच-सहा कारखानदार मेरमिय्याची सुगंधी पानं घातलेला चहा पीत बसले होते, आणि मधोमध लाकडी खोक्यावर एक कागद.

"आली!" अबू कायेद ओरडला. त्याचा कारखाना दोन फाटकं सोडून होता, आणि तोंड कायम सैल. "शत्रूची इंजिनीअर आली! लपवा रे तो कागद!"

"तिच्यापासून काय लपवायचं?" याबा, तिचे वडील, म्हणाले. "तिनेच तर वाचून दाखवायचाय. तुझ्या अक्षराला वकील लागेल."

"माझं अक्षर वाईट? मी चौथी पास आहे!"

"हो, आणि चौथीच्या मास्तरांना अजून झोप येत नाही."

हशा झाला. तहानीने कागद उचलला. सरकारच्या स्पर्धा खात्याकडे वाजिहाविरुद्ध तक्रार. बाजार चालवणाऱ्यानेच त्या बाजारात स्वतःचं दुकान मांडलंय. बाहेर स्वस्त विकायला आम्हाला मनाई आहे. आमचा दगड सगळ्यांत शेवटी, आणि वाईट करून दाखवला जातो. खाली सहा सह्या, आणि सगळ्यांत वर वडिलांची, मोठी, सावकाश काढलेली.

"तुमची पहिली का?"

"वयाने मोठे ना," अबू कायेद म्हणाला. मग जरा थांबून, "आणि खरं सांगू? तुझ्यामुळे. म्हटलं, घरचंच माणूस आत आहे म्हटल्यावर अबू तहानीला कोणी खोटं पाडणार नाही."

तहानीने कागद परत खोक्यावर ठेवला.

तेवढ्यात फाटकातून एक जोडपं आलं. नवीन लग्न झालेलं दिसत होतं, मारज अल-हमामला दोन खोल्या चढवायच्या होत्या, कोणाकडून तरी नाव ऐकून आले होते. आजकाल असं कोणी येत नसे. याबा एकदम दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे उठले. लादी पुढे ओढली, पिंपात पत्र्याचा डबा बुडवला, आणि फरकन पाणी मारलं. पाणी पसरलं तसा करडा, धुळकट दगड जागा झाला. आतली गुलाबी रेष वर आली, पिवळा उबदार रंग उमटला.

"बघा," याबा म्हणाले. "हा त्याचा चेहरा."

तहानी बाजूला उभी राहून बघत होती. स्कॅनिंगच्या दिवशीसुद्धा त्यांनी हेच केलं होतं. ती यंत्र घेऊन पोचायच्या आधीच बाराच्या बारा लाद्या धुऊन, भिजवून, ओळीने मांडून ठेवलेल्या. ती म्हणाली होती, "याबा, कोरड्या हव्यात." त्यावर ते इतके दुखावले की विचारू नका. "माझ्या लेकीच्या मशीनसमोर मी दगड तोंड न धुता उभा करू? पाहुण्यांसमोर असं कोण जातं?" तिने वाद घातला नाही. नियम होता, कोरडा दगडच स्कॅन करायचा. पण भिजलेला दगड इतका सुंदर दिसत होता, आणि तो तिच्या बापाचा होता. तिने तसाच घेतला.

पुढे दोन घरांवर भिंत उभी राहिल्यावर गिऱ्हाइकं भांडली, दाखवला होता तसा रंग नाही म्हणाली. पाणी वाळणारच होतं. पूर्वीचं गिऱ्हाईक फाटकातून येऊन पाण्याचा डबा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, वाळल्यावर काय दिसणार हे त्याला न सांगता कळायचं. चष्मेवाल्याला डबा दिसतच नाही. कंपनीने दोन तक्रारी नोंदवल्या आणि अबू तहानीचं नाव यादीच्या तळाला गेलं. त्यात वर बारा वाजताचं ऊन, म्हणजे भिजवूनही दगड मेलेलाच.

जोडपं गेलं. विचार करून सांगतो म्हणालं.

"एक सांग," याबांनी हात पुसत विचारलं, "तुमच्या त्या चष्म्यात आमचा दगड असा मुडद्यासारखा का दिसतो गं? मी स्वतः घालून बघितला परवा. मलाच ओळखू येईना."

हा प्रश्न त्यांनी तिसऱ्यांदा विचारला होता.

"बघते, याबा," ती म्हणाली. तिसऱ्यांदा.

*

सुनावणीच्या आदल्या दिवशी झैदूनने तिला बोलावलं.

"उद्या तू चल आमच्याबरोबर. दगडांच्या दालनाबद्दल प्रश्न आला तर दुसरं कोण उत्तर देणार?"

"उस्ताज़ झैदून, तक्रारदार माझे वडील आहेत."

"म्हणूनच तर." तो अगदी मनापासून बोलत होता. "आपण काही राक्षस नाही, हे त्यांनाही दिसू दे. त्यांची मुलगी आपल्याकडे मानाने काम करते. तुलाही बरं वाटेल त्यांच्याजवळ असलीस तर."

"मी काय सांगायचं?"

"विचारतील ते. खरं तेच सांगायचं, दुसरं काय?" मग दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "जूद कशी आहे? तिची ती इंजेक्शनं चालूच असतील ना अजून? काही लागलं तर सांग हं. कंपनीचा विमा आहेच."

त्याने धमकी दिली की चौकशी केली? तहानी जिना उतरताना ते वाक्य उलटसुलट करून बघत राहिली. चेहरा आठवला, आवाज आठवला. त्याला स्वतःला दोन मुलं होती. वाढदिवसाला जूदसाठी त्याने मोठा कापडी उंट पाठवला होता. असा माणूस धमकी देतो का? की असाच माणूस देतो? ऐहम, तिचा नवरा, सौदीत जुबैलला होता, त्याचं कंत्राट तीन-तीन महिन्यांनी वाढायचं आणि त्याच्या कंपनीचा विमा बायकामुलांना लागू नव्हता. जूदच्या फुप्फुसांसाठी महिन्याचं एक इंजेक्शन, डिसेंबर ते मार्च. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हा हिवाळा निघाला की मग काळजी नाही. हा एकच हिवाळा.

संध्याकाळी जूदला लबनेचं घट्ट दही आणि पोळीचे बारीक तुकडे भरवताना ती ते वाक्य म्हणून बघत होती. कंपनीच्या दगडाला चारचं ऊन आहे, इतरांना बाराचं, आणि ती ओळ मी बदलली. बस, एवढंच. म्हणायला एक श्वास पुरतो. जूदने तोंडातला तुकडा बाहेर काढून तिच्या हातात परत दिला आणि खोकली. तहानी वाक्य तिथेच सोडून खोकल्याचा आवाज ऐकत राहिली, ओला आहे की कोरडा.

ऐहमचा फोन आला. तिने सगळं सांगितलं, ओळीचंसुद्धा.

"तुला योग्य वाटेल ते कर," तो म्हणाला.

"हे काय उत्तर झालं?"

"मग काय सांगू? बोल म्हणू? बोललीस आणि पोरीला काही झालं तर जन्मभर तू माझ्याकडे बघशील. गप्प बस म्हणू? तर मग तुझ्या बापाकडे मी बघू शकणार नाही." मग जरा वेळाने, "खोकला कसा आहे?"

"कोरडा."

"बघ लक्ष ठेव."

*

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, खिडकीत एक मरतुकडं रोप. एका टोकाला समितीचे तिघं. त्यांतल्या उस्ताज़ा नुहा प्रश्न विचारणार होत्या. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर, समोर रंगीत चिठ्ठ्या लावलेली जाडजूड फाईल. या बाईने फाईल वाचलीय, हे तहानीला बसल्या बसल्या कळलं, आणि तिला एकाच वेळी बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

कंपनीच्या बाजूला झैदून, वकील, आणि ती. समोर कारखानदार. याबांनी लग्नाला घालतात तो कोट घातला होता. तिला पलीकडच्या बाजूला बसलेली बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी शेजारच्या अबू कायेदला कोपर मारून दाखवलं: बघ, म्हटलं नव्हतं? त्यांना वाटत होतं, ती त्यांच्यासाठीच तिथे बसलीय.

नुहाबाईंनी आधी कंपनीला धारेवर धरलं. बाहेर स्वस्त विकायची मनाई का? रेखाटनं फक्त तुमच्याच बाजारात का उघडतात? वकील गुळगुळीत उत्तरं देत होता, पण त्याच्या कपाळाला घाम होता. तहानीच्या मनात एक वेडी आशा उगवली. कदाचित माझी गरजच लागणार नाही. कदाचित ही बाई एकटीच सगळं करील.

मग याबांची पाळी आली.

"तुमचं म्हणणं आहे, तुमचा दगड वाईट करून दाखवतात."

"म्हणणं कशाला, मी घेऊनच आलोय." त्यांनी पिशवीतून हातभर लादी काढली आणि टेबलावर ठेवली. वर्तमानपत्र अंथरून, अदबीने. "आता हा बघा आणि मग चष्म्यातला बघा." त्यांनी लादीकडे पाहिलं. कोरडी, करडी, कडेला धूळ. आणि त्यांचा हात आपसूक पुढे गेला, समोरची बाटली उचलली, झाकण काढलं आणि लादीवर पाणी ओतलं.

दगड उमलला. समितीतले एक वयस्कर गृहस्थ "माशाअल्लाह" म्हणाले. अबू कायेदने मान डोलावली. खोलीतल्या एकाही दगडवाल्याला त्यात काही वेगळं दिसलं नाही. पाहुण्यासमोर कॉफी ठेवावी तसंच ते होतं.

तहानीने मात्र वकिलाकडे पाहिलं. तो हळूच पुढे सरकून बसला होता.

"सुंदर," वकील म्हणाला. "अबू तहानी, एक विचारू? स्कॅनिंगच्या वेळीसुद्धा असंच पाणी मारलं होतं का?"

"म्हणजे काय! चांगले भिजवले होते. बारा लाद्या. माझ्या हातांनी."

"म्हणजे गिऱ्हाइकाला चष्म्यात ओला दगड दिसला, आणि घरावर कोरडा आला."

याबा त्याला समजावू लागले. "भिंतीवर दगड कोरडाच असतो, बेटा. पाऊस पडेपर्यंत."

कोणीतरी हसलं. वकील हसला नाही. त्याने कागद पुढे सरकवला. दोन गिऱ्हाइकांच्या तक्रारी, रंग वेगळा निघाल्याच्या. कंपनीचा नियम, नमुना कोरडा हवा. यादीत खाली जाण्याचं कारण हेच, दुसरं काही नाही.

आता याबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आपण कुठे पाय टाकला ते त्यांना कळत नव्हतं, पण जिना नाही हे कळलं होतं. "सगळेच भिजवतात," ते म्हणाले. "माझे आजोबा खलीलहून आले तेव्हापासून भिजवतात. यात फसवणूक कसली? विचारा तिला. तिनेच स्कॅन केलेत. तहानी, सांग गं त्यांना."

सगळ्या माना वळल्या.

"इंजिनीअर तहानी," नुहाबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "नमुने ओले होते?"

"हो."

"तुम्ही ते तसेच घेतलेत?"

"हो. चूक माझी आहे. त्यांना नियम माहीत नव्हता, मला माहीत होता."

झैदूनने डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. हे त्याला अपेक्षित नव्हतं, पण नकोही नव्हतं. नुहाबाईंनी काहीतरी टिपलं. पण पेन खाली ठेवलं नाही. फाईलमधली एक पिवळी चिठ्ठी उघडून त्यांनी सावकाश विचारलं:

"मला एक समजून घ्यायचंय. तक्रारीत म्हटलंय की वाजिहा-खासचा दगड नेहमी जास्त चांगला दिसतो. तो आणि इतरांचे दगड यांचे नमुने घेण्यात काही फरक आहे? वेगळं यंत्र, वेगळा प्रकाश?"

प्रश्न अगदी दाराशी येऊन उभा होता. एक पाऊल अलीकडे. नमुने घेण्यात. नमुने घेतल्यावर उजेड वेगळा चढवता येतो, ही गोष्ट या बाईला कोणी सांगितलीच नव्हती. फाईलमध्ये ती असणं शक्य नव्हतं. ती फक्त एका डोक्यात होती आणि एका ओळीत.

टेबलाखाली तहानीच्या मांडीवर फोन होता, आणि त्यावर पाळणाघर. तिने खाली पाहिलं नाही, तरी तिला दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. "सगळे दगड एकाच दिव्याखाली स्कॅन होतात. यंत्रही एकच."

शब्द न् शब्द खरा होता.

"अजून काही सांगायचंय?"

खिडकीतलं रोप. पाण्याची रिकामी बाटली. वर्तमानपत्रावर पसरलेला ओला डाग टेबलाच्या कडेपर्यंत आला होता. याबा तिच्याकडे बघत होते, आपल्या लेकीने शिकलेल्या माणसांत बसून स्पष्ट उत्तर दिलं याच्या समाधानात.

"नाही."

नुहाबाई आणखी दोन क्षण तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पिवळी चिठ्ठी काढली, तिची घडी घातली आणि फाईल मिटली.

*

बाहेर पायऱ्यांवर कारखानदार घोळका करून उभे होते. कोणी सिगारेट पेटवली. याबांनी ओली लादी पिशवीत घालून छातीशी धरली होती, कोटाला पाणी लागत होतं तिकडे लक्ष नव्हतं.

अबू कायेद तिच्यासमोर आला. तोंड नेहमीसारखं सैल नव्हतं.

"इंजिनीअरबाई," तो म्हणाला, "एक अडाण्याचा प्रश्न. दिवा एकच आहे म्हणालीस. मग उजेड वेगळा कसा?"

तहानीने तोंड उघडलं.

"काय बोलतोस काय!" याबा मध्येच कडाडले. "ती सांगते आहे ना एकच म्हणून? स्वतःची चूकसुद्धा कबूल केली पोरीने, सगळ्यांसमोर, साहेबाच्या शेजारी बसून! तुझ्यात आहे का एवढी धमक? माझी मुलगी खोटं बोलत नाही."

अबू कायेद बघत राहिला. याबांकडे नाही, तिच्याकडे. मग मान खाली घातली. "चुकलो, अबू तहानी," असं म्हणून त्याने याबांच्या खांद्याला खांदा लावला, निरोप घेतला. तहानीला सलाम न करता पायऱ्या उतरून गेला. आजवर तो कधीच असा गेला नव्हता.

याबा तिच्या गाडीत बसले. सातव्या सर्कलपाशी गर्दी तुंबली होती.

"बरं बोललो ना मी?"

"छान बोललात."

"तो वकील जरा चावट होता. पण बाई चांगली आहे. ऐकत होती. मन लावून ऐकत होती, बघितलंस?"

"हो."

"तिला कळलं असणार. शिकलेली माणसं आहेत." त्यांनी पिशवी पायाशी ठेवली आणि फोन काढून करवतीवरच्या माणसाला लावला. "ऐक रे. मागच्या भिंतीजवळचा तो मोठा ठोकळा आहे ना, मआनचा, खालच्या थरातला? हो, तोच, राखून ठेवलेला. उद्या सकाळी चढव करवतीवर. आता कामं येतील, तेव्हा तयार लाद्या हव्यात... अरे, मी सांगतोय ना! आत्ताच येतोय तिथून."

ठोकळा पडून राहिला तर शंभर वर्षंही काही बिघडत नाही. कापला की त्याला गिऱ्हाईक लागतं. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, ती जूदपेक्षा थोडीच मोठी असताना.

"याबा," ती म्हणाली.

"काय गं?" त्यांनी फोनवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. चेहरा मोकळा, डोळ्यांच्या कडांना दगडाची पांढरी भुकटी, धुऊनही न गेलेली.

पुढची गाडी हलली. मागून कोणी तरी भोंगा वाजवला.

"काही नाही," तहानी म्हणाली. "पट्टा लावा."